पळसाचा केशरी, वाघाचा केशरी

फाल्गुनात पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या जंगलाकडे निघालं की पळस पेटलेला दिसतो. त्याच रानातला वाघही केशरी. पण हे दोन रंग एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. पळसाच्या पाकळ्यांत ब्यूट्रिन, आयसोब्यूट्रिन ही फ्लेव्होनॉइड वर्गातली द्रव्यं असतात. ती पाण्यात उतरतात, म्हणून फुलं उकळून होळीचा रंग होतो. वाघाचं रंगद्रव्य, मेलॅनिन, मात्र केसाच्या आत पक्कं बसलेलं : काळ्या पट्ट्यांत युमेलॅनिन, केशरी भागात फिओमेलॅनिन. आणि चितळाच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यामुळे आपल्याला इतका भडक वाटणारा वाघ त्याच्या लेखी गवतात मिसळलेला असतो!

हळद्या पक्ष्याचा पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा; ते पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही, खाण्यातूनच मिळवावं लागतं. नीलपंखाच्या निळ्यात तर निळं रंगद्रव्यच नसतं. पिसातल्या केराटिनची अतिसूक्ष्म रचना प्रकाशातला निळा तेवढा परतवते.

हे सारं आसपास असताना इथल्या केळापूर तालुक्यातल्या मुलांनी रंगद्रव्यं फ्लेमिंगोच्या छापील चित्रांवरून शिकावीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं तरी लाल डाग उमटतो, तेही रंगद्रव्यच. शिक्षकांना माझी विनंती आहे : यंदा होळीआधी वर्गात पळसफुलं उकळा. अर्ध्या पाण्यात चिमूटभर चुना घाला, अर्धं तसंच ठेवा. चुन्याचं पाणी जास्त गडद का झालं, हे मुलांनाच विचारा.