एव्हरेस्टच्या पायथ्याखालचा नेपाळ

नेपाळ म्हटले की डोळ्यांसमोर एव्हरेस्ट उभे राहते. प्रत्यक्षात २०२१च्या जनगणनेनुसार उंच पर्वतांच्या ‘हिमाल’ पट्ट्यात जेमतेम सहा टक्के लोक राहतात. निम्म्याहून अधिक नेपाळी सपाट तराईत राहतात, उरलेले मधल्या पहाडात.

तराई एकेकाळी हिवतापाच्या जंगलांची होती. थारू समाज तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. १९५०च्या दशकापासून डीडीटीची फवारणी सुरू झाली, हिवताप हटला आणि पहाडातली कुटुंबे खाली उतरली. यात अनेक थारूंच्या जमिनी गेल्या. पश्चिम तराईत कित्येकांच्या नशिबी ‘कमैया’ ही वेठबिगारी आली. ती संपवायला २००० साल उजाडावे लागले, ही साधी गोष्ट नव्हे.

पावसाची तऱ्हाही अशीच टोकाची. अन्नपूर्णेच्या दक्षिणेकडे लुमले इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. रांगेपलीकडे जोमसोमला तीनशेच्या आसपास. म्हणून तर जवळच्या मार्फा गावात मातीच्या धाब्याची घरे आहेत, धाब्याच्या कडेने जळणाची लाकडे नीट रचलेली.

या अंकात तिन्ही पट्टे आहेत. वाचकांनी सुरुवात मात्र तराईपासून करावी.