साप चावल्यावर यादी बघायची का?



सोयाबीन गुडघ्याला लागलंय, कपाशीवर फवारणी चालू आहे. म्हणजे सापाचे आणि विषबाधेचे दिवस. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसेक माणसं गेली. म्हणून आज पिकाचं नाही, जिवाचं लिहितो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना चांगलीच आहे. 2012 ला राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत चालू झाली, आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार. पण कुठं? यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचाराला. ठरवून करायच्या ऑपरेशनला हे जमतं, चौकशीला वेळ असतो. साप काय तारीख देऊन चावतो का? माणूस जवळचा दवाखाना गाठतो. तो यादीत नसला की बिल आपल्या बोकांडी.

कोणी म्हणेल, सरकारी दवाखान्यात जा, लस फुकट आहे. बरोबर, आधी तिथंच जा. मांत्रिकाकडं तर जाऊच नका. पण व्हेंटिलेटर लागला की ते पुढं पाठवतात, आणि भांडण त्या पुढच्या दवाखान्याचंच आहे.

आता बघा. शेतकरी साप चावून मेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून वारसाला 2 लाख. म्हणजे सर्पदंश हा शेतीतला अपघात, हे सरकारला मान्य. मेल्यावर पैसे देता, मग जगवायला का नाही?

1996 साली बंगालच्या खेतमजूर संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की तातडीचे उपचार वेळेवर देणं सरकारचं काम आहे, पैसा नाही ही सबब चालणार नाही. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी परत पाठवलं होतं.

मागणी साधी आहे. जीव स्थिर होईपर्यंतचा खर्च योजनेतून द्या, दवाखाना कोणताही असो. आणि तालुक्यातल्या यादीतल्या दवाखान्यांचा बोर्ड प्रत्येक ग्रामपंचायतीवर लावा.

तोवर आपण एवढं करा. 108 लावा. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला सांगा, ‘इमर्जन्सी आहे, फोनवर मंजुरी घ्या.’ तशी सोय योजनेतच आहे, कागद मागून देता येतात. रेशनकार्ड आणि आधारचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलात ठेवा.

पुढच्या ग्रामसभेत बोर्डाचा ठराव मांडा. पीक विम्यासाठी तहसीलवर जाता, जिवासाठीही चला.