सहा तासांतला रक्ताचा थेंब

बाळ जन्मतःच रडले नाही. अंबू बॅगेने श्वास द्यावा लागला, चार तासांनी झटके सुरू झाले. तालुक्याच्या रुग्णालयातून रुग्णवाहिकेने ते जिल्ह्याच्या नवजात शिशू कक्षात येते. आई अजून तिकडेच खाटेवर असते आणि काचेबाहेर उभे राहिलेले वडील एकच प्रश्न विचारतात, ‘पुढं नीट होईल ना?’ पहिल्या दिवशी या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणत्याही डॉक्टरकडे नसते.

प्रसूतीच्या वेळी मेंदूला प्राणवायू आणि रक्त कमी पडले की जी इजा होते, तिचे मोजमाप आजही मुख्यतः डोळ्यांनी आणि हातांनी होते. बाळ किती जागे आहे, हातपाय किती सैल पडले आहेत, चोखते का, बाहुल्या कशा आहेत. ही पद्धत १९७६ मध्ये सार्नाट दांपत्याने मांडली. तिला ईईजी आणि एमआरआयची जोड मिळते, पण एमआरआयचे चित्र स्पष्ट व्हायला काही दिवस जावे लागतात. शिवाय श्वासाच्या यंत्रावरचे बाळ त्यासाठी दुसऱ्या शहरात नेणे हा वेगळाच धोका. म्हणूनच रक्ताच्या थेंबातून भविष्य वाचता येईल का, याचा शोध अनेक वर्षे सुरू आहे.

मेंदूच्या पेशी दुखावल्या की त्यांतली प्रथिने रक्तात झिरपतात. आधारपेशींमधले जीएफएपी, चेतातंतूंमधले न्यूरोफिलामेंट, टाऊ, एनएसई अशी त्यांची नावे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात एनएसई लाल पेशींतही असते. टाचेतून रक्त काढताना पेशी फुटल्या, तर मेंदूला काही झालेले नसतानाही आकडा फुगतो. न्यूरोफिलामेंट भरवशाचे खरे, पण ते सावकाश वाढते. शरीर थंड करण्याचा उपचार मात्र जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. साक्षीदार खरा, पण निकाल लागल्यावर कोर्टात हजर, अशातली गत.

यातून वाट काढण्यासाठी इम्पीरियल कॉलेज लंडनचे डॉ. सुधीन तय्यिल आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांऐवजी जनुकांकडे पाहिले. भारतीय रुग्णालयांतल्या ४५ बाळांचे रक्त जन्मानंतर ६ तासांत घेतले आणि दीड वर्षाने कोणाला अपंगत्व आले ते तपासले. ज्यांना आले आणि ज्यांना नाही, त्यांच्यात ८५५ जनुकांचे काम वेगळे दिसले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आशा वाटावी असाच तो आहे. पण ४५ हा आकडा विसरू नये. एवढ्या बाळांवरून कोणी चाचणीचे दुकान थाटू लागला, तर त्याला दारातच अडवले पाहिजे.

खरा प्रश्न मात्र अचूकतेच्याही पुढचा आहे. उत्तर कळल्यावर करायचे काय?

श्रीमंत देशांत बाळाचे शरीर ७२ तास साडेतेहतीस अंशांवर ठेवल्याने जीव वाचतात, अपंगत्व कमी होते. तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सरकारी रुग्णालयांत ४०८ बाळांवर तपासला गेला. हेलिक्स नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. थंड केलेल्या बाळांत ४२ टक्के दगावली, नेहमीची काळजी घेतलेल्यांत ३१ टक्के. ज्याला सर्वांनी तारक मानले, त्याने इथे घातच केला. असे का, याचा एक धागा पुन्हा रक्तातच सापडला. दक्षिण आशियातल्या बाळांची जनुके झोपेत वारंवार श्वास अडकणाऱ्या प्रौढांसारखी वागत होती. म्हणजे घाव एकदाच बसलेला नव्हता. गर्भातच, थांबून थांबून प्राणवायू कमी पडत गेला असावा. हे पक्के ठरले, तर रक्ताच्या चाचणीचे मोल भविष्य सांगण्यात नसून, थंड करण्याने कोणाचे भले होईल आणि कोणाचे नुकसान, हे आधी ओळखण्यात आहे.

नुसते भविष्य सांगणे किती निसरडे असते, हे साध्या हिशेबात दिसते. समजा, सौम्य इजा झालेली १०० बाळे आहेत आणि त्यांतल्या १० जणांना पुढे अडचण येणार आहे. चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती १० पैकी ९ बाळे बरोबर पकडेल, पण उरलेल्या ९० निरोगी बाळांतल्या ९ जणांवरही तोच शिक्का मारेल. शिक्का बसलेल्यांतली निम्मी बाळे ठणठणीत निघतील. आणि शिक्का पुसला जात नाही. ज्या घरात आधीच मुलगी झाली म्हणून चेहरे पडलेले असतात, तिथे ‘मेंदू कमजोर’ असा कागद पहिल्याच दिवशी पोहोचला, तर तिला पुन्हा तपासणीला कोण आणील?

तोवर हातात जे आहे ते थोडे नाही. प्रसूती कक्षात पार्टोग्राफ बाळ झाल्यावर बसून भरला जातो, कळा सुरू असताना नाही. कळा वाढवणारे इंजेक्शन घाईने दिले जाते आणि बाळाचे ठोके तासन्तास कोणी ऐकत नाही. एका परिचारिकेकडे एकाच वेळी चार-चार बाया असतात, तेव्हा दोष एकटीवर टाकणे सोपे असते. खाट वाढवायला मंजुरी मिळते, माणूस वाढवायला मिळत नाही. चाचणीच्या यंत्रावर होणाऱ्या खर्चाआधी रात्रपाळीला आणखी एक परिचारिका मिळाली, तर इजाच कमी होतील.

आणि घरी गेलेल्या बाळांचे काय? मान कधी धरली, मुठी उघडतात का, आवाजाकडे वळते का, हे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात पाहायचे असते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्यासाठीच आहेत. तिथे यायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते. दुसऱ्या तपासणीपर्यंत बरीच नावे गळतात. रक्ताची कोणतीही नवी चाचणी खरी की खोटी, हे ठरवायलाही हीच बाळे दीड वर्षाने पुन्हा समोर यावी लागतात.