सुशीचा भात

"अम्मी, सुशी घरीच करू या ना!" लेकीचा हा हट्ट पुरवताना कळले, की या जपानी पदार्थाचा जीव माशात नाही, भातात आहे.

आखूड दाण्याचा जपानी तांदूळ २ वाट्या घ्या. पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा आणि तेवढ्याच पाण्यात झाकून शिजवा. तांदळाच्या ४ मोठे चमचे व्हिनेगरमध्ये २ मोठे चमचे साखर, १ छोटा चमचा मीठ विरघळवून गरम भातावर शिंपडा. लाकडी चमच्याने कापल्यासारखे हलवत वारा घाला. तयार व्हिनेगर आणलात तर लेबल वाचा. काहींत मिरिन असते आणि अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो. त्याच्यावाचून काही अडत नाही.

उरलेला भात मी फ्रिजमध्ये ठेवला, तर सकाळी दाण्यांचे खडे झालेले! गारव्याने भातातला स्टार्च कडक होतो. म्हणून लागेल तेवढाच करा, ओल्या फडक्याने झाका, काही तासांत संपवा. साधा भात तर बाहेर मुळीच ठेवू नका. त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही जगतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अन्न वाया जाऊ नये हे खरेच. पण ती काळजी तांदूळ मोजतानाच घ्यावी, मुलांच्या डब्यात शिळे भरून नव्हे.