फवारणीच्या विषाचा विमा कोणी उतरवायचा?

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला टेकली होती, हवा दमट होती, गुलाबी बोंडअळी बीटी वाणाला जुमानत नव्हती आणि जुन्या हातपंपाच्या जागी धुक्यासारखा बारीक फवारा मारणारे पंप आले होते. विष पायाशी न पडता तोंडावर येत होते. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली, मृतांच्या वारसांना सरकारने प्रत्येकी २ लाख रुपये दिले. चूक कोणाची यावर भरपूर वाद झाला. कोणी कंपनीकडे बोट दाखवले, कोणी कृषी केंद्राकडे, कोणी सरकारकडे. आणि हातमोजे, मास्क न घालणाऱ्या मजुराकडे तर सगळ्यांनीच. मात्र चूक ठरल्यावर भरपाईचे पैसे कोणाच्या खिशातून यायचे आणि त्या खिशात ते आहेत का, हे फारसे कोणी विचारले नाही.

आपल्या धंद्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते भरून देण्याची जबाबदारी आपली. या जबाबदारीसाठी उतरवलेला विमा म्हणजे दायित्व विमा. नाव अवघड वाटले तरी कल्पना घरोघरी माहीत आहे. मोटरसायकलचा ‘थर्ड पार्टी’ विमा हा त्यातलाच प्रकार. स्वतःच्या गाडीचा विमा उतरवायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर, पण त्या गाडीखाली येणाऱ्या माणसासाठीचा विमा कायद्याने सक्तीचा. ज्याच्याकडून नुकसान होऊ शकते त्याच्यापाशी भरपाईला पुरतील इतके पैसे असतीलच असे नाही, म्हणून त्याला रस्त्यावर येण्याआधीच तजवीज करायला लावायची, हे त्यामागचे तत्त्व आहे. जी सक्ती पन्नास हजारांच्या दुचाकीला आहे, ती माणूस मारू शकणारे रसायन विकणाऱ्या दुकानाला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कीटकनाशकांच्या धंद्याला, कारखान्यापासून तालुक्याच्या कृषी केंद्रापर्यंत, दायित्व विमा सक्तीचा असावा आणि त्याच्या हप्त्याचा मुख्य भार कंपनीने उचलावा.

आधी दुकानदाराचे बघू. पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव किंवा वणीच्या बाजारपेठेतल्या बहुतेक कृषी केंद्रांकडे कुठलीतरी पॉलिसी असते, कारण कर्ज देताना बँक ती काढायला लावते. त्यामुळे ‘आपला विमा आहे’ अशी मालकाची समजूत असते. ती पॉलिसी मालाची आणि दुकानाची असते: आग, पूर, वीज. सूक्ष्म उद्योगांसाठी विमा नियामकाने एप्रिल २०२१ पासून लागू केलेली प्रमाणित ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ हीदेखील मालमत्तेचीच पॉलिसी आहे. गोदाम जळाले तर बँकेचे पैसे वाचतील. गोदामातली बाटली वापरून कोणी दगावला तर त्या पॉलिसीतून दमडी मिळणार नाही. दुकानदारांसाठीच्या पॅकेज पॉलिसीत ‘पब्लिक लायबिलिटी’चा एक भाग असतो, पण तो ऐच्छिक असतो आणि हप्ता कमी ठेवण्याच्या घाईत सर्वांत आधी तोच गळतो. शिवाय धंदा एकट्याच्या नावावर असला, की धंद्यावरचे देणे घरावरही येते, शेतावरही येते.

‘मी फक्त विकतो, बनवत नाही’ हा युक्तिवाद एकेकाळी खपत असे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात उत्पादनाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आले. उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचवणारा, वस्तूत फेरफार करणारा किंवा स्वतःच्या जबाबदारीवर वेगळी हमी देणारा विक्रेता आता भरपाईला बांधील ठरू शकतो. कृषी केंद्राच्या काउंटरवर प्रत्यक्षात काय होते ते पाहा. शेतकरी अळीने खाल्लेले बोंड किंवा पान घेऊन येतो आणि म्हणतो, ‘औषध द्या.’ दुकानदार एक कीटकनाशक देतो, त्यासोबत दुसरे, वरून एक टॉनिक, आणि ‘तिन्ही एकाच पंपात टाका, मजुरी वाचते’ हा सल्ला. बाटलीवर विषाची तीव्रता सांगणारा लाल किंवा पिवळा त्रिकोण असतो. आतल्या घडीच्या कागदावर अनेक भाषांत, भिंगाने वाचावी अशी सूचना असते. ती कोणी वाचून दाखवत नाही. माल उधारीवर जातो, हिशेब वहीत लिहिला जातो, कापूस विकल्यावर चुकता होतो. बॅच नंबर असलेले पक्के बिल कित्येकदा बनतच नाही. या व्यवहारात दुकानदार सल्लागारही आहे, सावकारही आहे आणि नव्या कायद्यानुसार संभाव्य प्रतिवादीही. त्यातल्या पहिल्या दोन भूमिका त्याला ठाऊक असतात.

आता शेतमालकाचे. मजूर लावून फवारणी करून घेणारा शेतकरी कायद्याच्या नजरेत मालक आहे, ही गोष्ट गावात क्वचितच कोणाला माहीत असते. २०१७ साली लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीतल्या कीटकनाशक फवारणीच्या कामाचा स्पष्ट उल्लेख होता. रोजंदारीवरच्या माणसाला वगळणारी जुनी पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मालकाची ही जबाबदारी कायम आहे. त्या कायद्याचे गणित मांडून पाहा. ३५ वर्षांचा मजूर, महिन्याची कमाई जेमतेम ६,००० रुपये धरली, तर कमाईच्या निम्म्याला त्या वयाच्या १९७.०६ या गुणकाने गुणायचे. रक्कम होते ५,९१,१८० रुपये. सरकारने दिले २ लाख. ते द्यायला नको होते असे नाही. पण ते सानुग्रह होते, म्हणजे सरकारच्या मर्जीचे. आणि मजुराच्या कुटुंबाचा कायद्याने जो हक्क होता, त्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाचे.

मग हा हक्क मागायचा कोणाकडे? पाच एकरांच्या कोरडवाहू शेतमालकाकडे, ज्याच्या डोक्यावर आधीच सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज आहे. शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर नाव झालेल्या जिल्ह्यात अशा माणसाकडून सहा लाख वसूल करायचे म्हणजे एका घरातल्या मृत्यूसाठी दुसरे घर उठवायचे. मजुराची विधवा हे जाणते. दोन्ही घरे एकाच गावात, बहुधा एकमेकांच्या सुखदुःखात. म्हणून ती दावा लावत नाही, आणि हक्क कागदावर राहतो. विमा नेमका इथे कामाला येतो. मालकाने कर्मचारी भरपाईची पॉलिसी काढलेली असेल तर मजुराच्या कुटुंबाला पैसे विमा कंपनी देते आणि शेतमालकाचे शेत शाबूत राहते. दायित्व विमा मालकाच्या सोयीचा की पीडिताच्या, असा वाद घालण्यात अर्थ नाही. तो दोघांनाही एकाच वेळी लागतो.

भोपाळनंतर १९९१ मध्ये आलेला सार्वजनिक दायित्व विमा कायदा या कामासाठी पुरेसा नाही का, असे कोणी विचारेल. तो चांगल्या हेतूने केला होता: चूक सिद्ध न करता तातडीची मदत. पण तो लागू होतो ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने हाताळणाऱ्यांना, आणि त्यातून कामगार वगळले आहेत. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठीची मदत २५,००० रुपये होती. तो कायदा कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या वस्तीसाठी आहे. कपाशीच्या तासात पाठीवर पंप घेऊन चालणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर नव्हता.

नमुना शोधायला लांब जायला नको, तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅस सिलिंडरचा स्फोट झाला तर नोंदणीकृत ग्राहकाला तेल कंपन्यांनी उतरवलेल्या पब्लिक लायबिलिटी पॉलिसीचा आधार असतो. अपघाती मृत्यूला माणशी ६ लाख रुपये, दवाखान्याच्या खर्चाला माणशी २ लाखांपर्यंत, घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत अशी ही व्यवस्था आहे. ग्राहक वेगळा हप्ता भरत नाही, एजन्सीवालाही एकटा बोजा उचलत नाही. उत्पादन बाजारात आणणाऱ्यांनी तो एकत्र उचलला आहे. कीटकनाशकांना हेच का लागू होऊ नये? बाटलीमागे पडणारा खर्च लाखो बाटल्यांवर विभागला जाईल, आणि कंपनीला प्रथमच आपल्या विषाच्या परिणामांशी थेट पैशांचे नाते जोडावे लागेल. ज्या उत्पादनामुळे दावे जास्त, त्याचा हप्ता जास्त. कोणते औषध या मातीत, या हवेत, या पंपातून मारणे परवडत नाही, हे सरकारी समितीच्या अहवालाआधी विमा कंपनीच्या दरपत्रकात दिसू लागेल.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप यवतमाळचा शेतकरी घेईल आणि तो रास्त आहे: विमा कंपन्या पैसे देतात कुठे? पीकविम्याच्या ७२ तासांच्या तक्रारीपासून तुटपुंज्या भरपाईपर्यंतचा अनुभव त्याच्या गाठीशी आहे. खुद्द राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून विमा कंपन्या बाजूला काढल्या आणि २०२३ मध्ये तिचे थेट सानुग्रह अनुदानात रूपांतर केले. पण या अनुदानाच्या मर्यादा पाहा. ते २ लाखांवर थांबते, आणि सातबाऱ्यावर ज्याच्या घराचे नाव नाही त्या मजुराला ते मिळत नाही. फवारणीचा पंप तर बहुधा त्याच्याच पाठीवर असतो. विमा कंपन्यांच्या अडवणुकीवरचा इलाजही आपल्याकडे तयार आहे. मोटार अपघातांत विमा कंपनीने चालकाच्या परवान्यातल्या उणिवेवर बोट ठेवून हात झटकायचे नाहीत, पीडिताला आधी पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, ही वाट सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंह निकालात पक्की केली. ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे कलम कीटकनाशकांच्या सक्तीच्या विम्यात पहिल्या दिवसापासून हवे. बोगस औषधे विकणाऱ्याला त्यातून सूट मिळणार नाही. वसुली त्याच्यावरच निघेल.

दुसरा आक्षेप असा की विमा असला की दुकानदार बेफिकीर होईल. उलट घडण्याची शक्यता मला जास्त वाटते. विमा कंपनी हप्ता ठरवण्याआधी आणि दाव्याच्या वेळी कागद मागते: पक्के बिल, बॅच नंबर, विक्रेत्याची पात्रता, सूचनापत्रक दिल्याची नोंद. कीटकनाशक विक्रेत्यांसाठी शैक्षणिक पात्रतेची अट आली आहे आणि ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांच्यासाठी ‘मॅनेज’ या हैदराबादच्या संस्थेचा ‘देसी’ हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. पण भिंतीवर टांगलेले प्रमाणपत्र आणि काउंटरवरचा सल्ला यांचा मेळ कोण तपासतो? कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाला सगळा तालुका फिरायचा असतो. दावा नाकारला जाण्याची भीती मात्र रोज दुकानात हजर असते.

आपल्याकडे न्यायाची जवळची वाट नसली की माणसे कुठवर जातात, याचा दाखला याच जिल्ह्याने दिला आहे. सप्टेंबर २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने, डायफेन्थियुरॉन असलेले ‘पोलो’ हे कीटकनाशक बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या स्वित्झर्लंडमधील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार दाखल झाली. दोन मृतांच्या पत्नी आणि एक बचावलेला शेतकरी यांनी बासेलमध्ये स्विस उत्पादन-दायित्व कायद्याखाली दावाही लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. त्या लढ्याचे मोल आहेच, पण घाटंजीच्या विधवेला नुकसानभरपाईसाठी बासेलच्या पायऱ्या चढाव्या लागणे ही इथल्या व्यवस्थेची नामुष्की आहे.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. त्यांची जागा घेण्यासाठी २०२० मध्ये राज्यसभेत कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मांडले गेले. सक्तीच्या दायित्व विम्याची तरतूद या चौकटीत केंद्रालाच करावी लागेल, आणि त्यासाठी विदर्भातल्या खासदारांनी रेटा लावला पाहिजे. राज्य सरकारला मात्र थांबायचे कारण नाही. फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी जिल्हानिहाय सामूहिक पॉलिसी काढणे आणि परवाना देताना दुकानदाराकडून विम्याची माहिती घेणे, एवढे तरी आजच्या अधिकारांत करता येण्यासारखे आहे. तोवर कृषी केंद्र चालवणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीचा कागद काढून दोन गोष्टी तपासाव्यात: त्यात तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचे दायित्व धरले आहे का, आणि कीटकनाशके बारीक अक्षरांत वगळलेली तर नाहीत ना. शेतकऱ्यांनी मजूर लावण्याआधी कर्मचारी भरपाईच्या पॉलिसीचा दर एकदा विचारून पाहावा. आणि माल उधारीवर घेतला तरी बॅच नंबर असलेले पक्के बिल त्याच दिवशी मागून घ्यावे; उद्या कुठलाही दावा लावायचा झाला तर पहिला पुरावा तोच लागतो.