अंथरूण पाहून पाय पसरणारा कर्नल

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे.

मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनची आदली रात्र. चितेगावात लाईट गेली. लॅपटॉप फुल चार्ज होता, म्हणून मी निश्चिंत. एकीकडे रिपोर्ट टाइप करत होते, दुसरीकडे सेन्सरचं रीडिंग घेणारा माझा प्रोग्राम चालू. दीड तासात बॅटरी संपली आणि सेव्ह न केलेली चार पानं गेली. रूममेटचा तसाच लॅपटॉप त्यानंतरही दोन तास चालला. मी बॅटरीला भरपूर शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी 'टॉप' कमांड दिली आणि चोर सापडला. माझाच प्रोग्राम! 'डेटा आला का? आला का?' असं तो लूपमध्ये न थांबता विचारत होता. एक कोअर १०० टक्के बिझी.

लिनक्स कर्नल खरं तर अंथरूण पाहून पाय पसरतो. काम कमी असेल तर प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी उतरवतो आणि तिच्याबरोबर व्होल्टेजही उतरतं. खरी बचत तिथे आहे, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. फ्रिक्वेन्सी निम्मी आणि व्होल्टेज ८० टक्के केलं तर पॉवर साधारण ३२ टक्क्यांवर येते. काम दुप्पट वेळ चाललं तरी एनर्जी ६४ टक्केच! २००४ साली कर्नल २.६.९ मध्ये 'ऑनडिमांड' गव्हर्नर आला, २०१६ मध्ये ४.७ मध्ये 'शेडयुटिल'. दोघांचंही काम लोड बघून वेग ठरवणं. आणि कामच नसेल तर प्रोसेसर चक्क झोपतो. पूर्वी टायमरचा ठोका त्याला रिकामा असतानाही सेकंदाला शेकडो वेळा उठवायचा. २००७ मध्ये कर्नल २.६.२१ पासून हा ठोका रिकाम्या वेळी बंद करायची सोय झाली.

एवढी मेहनत जगभरच्या लोकांनी केली आणि माझ्या एका लूपने ती पाण्यात घातली. कर्नलला बिचाऱ्याला वाटलं, केवढं महत्त्वाचं काम चाललंय! त्याने वेग चढवला. वॉचमन काकांना दर मिनिटाला 'कोणी आलं का?' विचारलं तर त्यांना झोप कशी लागेल? त्यापेक्षा 'कोणी आलं की मला उठवा' सांगावं. मी तेच केलं. डेटा येईपर्यंत थांबणारा रीड कॉल वापरला. बदल दोन-तीन ओळींचा, पण लोड जवळजवळ शून्यावर!

कोणी म्हणेल, चार-दोन वॅटचं काय घेऊन बसलीस? पण हाच प्रोग्राम उद्या शेतातल्या बॅटरीवर चालवायचा असेल तर? तिथे चार्जर घेऊन कोण धावणार?

म्हणून स्टाफला एक विनंती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला आपण एफसीएफएस आणि राउंड रॉबिन लिहितो, आउटपुट बरोबर आलं की सही मिळते. माझ्या त्या प्रोग्रामचंही आउटपुट बरोबरच होतं! एक प्रॅक्टिकल असं असावं, ज्यात तोच प्रोग्राम दोन पद्धतींनी लिहून लोड, फ्रिक्वेन्सी आणि बॅटरी मोजायची. मार्कही त्यालाच.

आणि हॉस्टेलकरांनो, पुढच्या वेळी बॅटरी लवकर संपली तर कंपनीला शिव्या घालण्याआधी एकदा 'टॉप' बघा. चोर बहुतेक घरातलाच निघेल!