घर पाहावे आपल्या हातांनी बांधून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. या म्हणीत एक गंमत दडलेली आहे. लग्न आपण स्वतःच करतो, पण घर काही आपण ‘बांधत’ नाही, ते बांधवून घेतो. गवंडी दुसरा, सुतार दुसरा, गिलावा करणारा तिसराच. आपल्या वाट्याला येते ती पैशांची जमवाजमव, कचेऱ्यांचे हेलपाटे आणि मनस्ताप. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात मात्र ही म्हण शब्दशः जगणारी माणसे आजही आहेत. शहरात नोकरी करायची, पन्नास-साठ किलोमीटरवर जमिनीचा तुकडा घ्यायचा आणि शनिवार-रविवार हातात हातोडा आणि पाणसळ धरून आपले घर आपणच उभारायचे. तिथल्या कायद्याने अशा माणसाला नावही दिले आहे : ‘ओनर-बिल्डर’. मालक तोच आणि बांधणाराही तोच.

हा विषय आज का काढावा? ऑस्ट्रेलियात सध्या घरांचा तुटवडा हा राजकारणातला सर्वांत मोठा प्रश्न झाला आहे. १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख नवी घरे बांधण्याचे लक्ष्य तिथल्या केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून ठरवले. भाषणे होतात, आकडे जाहीर होतात, मोठ्या बांधकाम कंपन्यांशी बोलणी होतात. या गदारोळात जो माणूस कोणाकडे काही न मागता स्वतःच्या हातांनी एक घर उभारू पाहतो, त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नाही. उलट त्याच्या वाटेत धोंडेच अधिक. हे धोंडे कोणते, त्यातले खरोखर आवश्यक किती आणि निव्वळ व्यवस्थेच्या सोयीसाठी ठेवलेले किती, याचा हिशेब मांडण्याजोगा आहे.

आधी या माणसाचे रोजचे जगणे पाहू. घर पूर्ण होईपर्यंत कुटुंबाचा मुक्काम कुठे? पुष्कळदा जमिनीवरच, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा कॅरॅव्हॅनमध्ये आणि तेही नगरपरिषदेची परवानगी काढून. हिवाळ्याच्या सकाळी पत्र्याला आतून दव सुटते, उन्हाळ्यात त्याच पत्र्याखाली भट्टी पेटते. मुले घडीच्या टेबलावर गृहपाठ करतात, स्वयंपाक गॅसच्या दोन शेगड्यांवर होतो. सकाळी दहाला चहाची सुट्टी. तिला तिकडे ‘स्मोको’ म्हणतात आणि ती कोणी चुकवत नाही. खिळे, स्क्रू किंवा रंग संपला की बनिंग्ससारख्या अवाढव्य दुकानात खेप. शनिवार-रविवारी तिथल्या दाराशी एखादी स्थानिक संस्था निधीसाठी पावात सॉसेज घालून विकत असते आणि बांधकामाच्या धुळीने माखलेली निम्मी पंचक्रोशी तिथेच भेटते.

वायरिंग आणि नळकाम मात्र स्वतः करता येत नाही. त्यासाठी परवानाधारक कारागीरच हवा. गावाकडे इलेक्ट्रिशियन, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘स्पार्की’, एक असतो आणि त्याची वाट पाहणारी घरे वीस. तो येईपर्यंत भिंतीची आतली बाजू बंद करता येत नाही. त्यामुळे घर रखडते ते बहुधा मालकाच्या आळसाने नव्हे, दुसऱ्याच्या वेळापत्रकाने. दारे-खिडक्या बसून घर बंद करता येऊ लागले की त्या टप्प्याला तिकडे ‘लॉक-अप’ म्हणतात. आपल्याकडे लॉकअप म्हटले की पोलीस चौकी आठवते. तिकडे मात्र त्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला बोलावतात.

आपल्या वाचकांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटेल. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. म्हणून तिथे बसायची खोली आणि मोठ्या खिडक्या उत्तरेला. हिवाळ्यातले तिरपे ऊन आत यावे आणि उन्हाळ्यातले डोक्यावरचे ऊन छज्जाने अडावे, असा बेत. दिशांची शुभाशुभता आपण ज्या पुस्तकांतून घेतो, ती विषुववृत्ताच्या अलीकडे लिहिली गेली, हे तिथे गेल्यावर ध्यानात येते.

पाण्याची गोष्ट तर आपल्या दुष्काळी तालुक्यांतल्या माणसाला चटकन कळेल. गावाबाहेर सरकारी नळ नाही. छपरावरचे पाणी पन्हळीतून टाकीत घ्यायचे आणि वर्षभर पुरवायचे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. घर आणि शेड मिळून २०० चौरस मीटर छप्पर आणि वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर फार तर १,२०,००० लिटर जमा. चौघांच्या कुटुंबाने माणशी रोज ८० लिटरच वापरायचे ठरवले, तर खर्च १,१६,८०० लिटर. पासबुकात शिल्लक किती उरली पाहा! बाग नाही, गाडी धुणे नाही आणि पाऊस ओढला तर टँकरवाल्याला फोन. व्हिक्टोरिया राज्यात वणव्याच्या पट्ट्यातल्या मोठ्या भूखंडावर तर १०,००० लिटर पाणी केवळ आगीसाठी राखून ठेवावे लागते. त्याला हात लावायचा नाही.

वणवा हा या साऱ्या जगण्याचा न बोललेला धनी आहे. ७ फेब्रुवारी २००९ या दिवशी व्हिक्टोरियात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसे गेली आणि दोन हजारांहून अधिक घरे जळाली. त्या शनिवारला तिकडे ‘काळा शनिवार’ म्हणतात. त्यानंतर वणव्याच्या प्रदेशातल्या बांधकामाचे मानक नव्याने लागू झाले. झाडी कोणत्या प्रकारची, घरापासून किती दूर, जमिनीचा उतार किती, हे मोजून प्रत्येक जागेला धोक्याची श्रेणी मिळते. अशा श्रेण्या सहा. सर्वांत वरच्या श्रेणीत ज्वाळा थेट घराला भिडतील असे गृहीत धरले जाते. श्रेणी जसजशी चढते तसतशी काच, दार, छप्पर, ओसरीची फळी, सारेच बदलते आणि खर्चही चढतो. खिडकीच्या जाळीचे छिद्रसुद्धा दोन मिलिमीटरहून मोठे चालत नाही, कारण घरे पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, उडत आलेल्या ठिणगीने पेटतात. ज्या निलगिरीच्या सावलीसाठी माणूस शहर सोडून येतो, तीच झाडे तोडल्याखेरीज घराला परवानगी मिळू नये, हा त्यातला पेच.

हे वाचून कोणी म्हणेल, सरकारी नियमांचा हा केवढा जाच! पण मला तसे वाटत नाही. यातले बहुतेक नियम माणसांच्या मरणातून आले आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्याचेच पाहा. कृत्रिम दगडाचे गुळगुळीत ओटे तिथे घरोघरी बसले होते. ते कापताना उडणाऱ्या धुळीने तरुण कामगारांची फुप्फुसे निकामी होऊ लागली, तेव्हा १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने या दगडावर बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. वाळवीपासून बचावासाठी काँक्रीटच्या जोत्याची कड ७५ मिलिमीटर उघडी ठेवायची, म्हणजे वाळवी चढू लागली तर दिसते, हा नियमही असाच अनुभवाचा. पायाचे काँक्रीट ओतण्यापूर्वी आणि लाकडी सांगाडा उभा राहिल्यावर तपासनीस येतो. त्याच्या सहीशिवाय पुढचे काम नाही. हौशी माणसाला हा तपासनीस खरे तर शिक्षकासारखाच असतो.

तेव्हा आक्षेप सुरक्षेच्या नियमांना नाही. खरी अडचण आहे ती पैशाच्या व्यवस्थेत.

न्यू साउथ वेल्स राज्यात १०,००० डॉलरहून अधिक किमतीचे काम स्वतः करायचे तर परवाना लागतो आणि २०,००० च्या वर असेल तर अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. असा परवाना सामान्यतः पाच वर्षांत एकदाच. मालकाच्या नावाखाली कोणी चोरून बांधकामाचा धंदा करू नये, हा हेतू. तोही रास्त. पण १५ जानेवारी २०१५ पासून त्या राज्यात अशा घराला पूर्वीसारखा दोष-हमीचा विमाच मिळत नाही. घर विकायचे झाले तर खरेदीखतातच तशी धोक्याची सूचना घालावी लागते. शेजारच्या व्हिक्टोरियात घर पुरे झाल्यापासून साडेसहा वर्षांच्या आत विकायचे तर तपासणीचा अहवाल लागतो आणि विमा उतरवावा लागतो. थोडक्यात, ज्याने प्रत्येक खिळा स्वतःच्या घरासाठी म्हणून काळजीने ठोकला, त्याच्याच घरावर बाजार संशयाची खूण करतो.

कर्जाचे तर विचारू नका. अस्मादिकांची हयात बँकेत गेली, त्यामुळे टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याच्या मनात काय चालते ते मला ठाऊक आहे. त्याला हवा असतो कंत्राटदाराचा ठराविक किमतीचा करार. पाया झाला, इतका हप्ता. सांगाडा झाला, इतका. ओनर-बिल्डरकडे असा करार नसतो. असतात त्या दुकानांच्या पावत्या आणि एक अंदाजपत्रक. पुष्कळ बँका दारातूनच परत पाठवतात. ज्या देतात त्या कमी प्रमाणात देतात आणि काम झाल्यावर देतात. त्याचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे शेकडो शनिवार-रविवारांचे श्रम. पण श्रमाची पावती कोणी देत नाही, म्हणून खातेवहीत त्यांची किंमत शून्य. जून २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, नवी घरे बांधणाऱ्यांना २५,००० डॉलरचे अनुदान तिथल्या केंद्र सरकारने जाहीर केले. त्यातूनही ओनर-बिल्डर वगळले गेले.

आणि कंत्राटदाराच्या कराराची सुरक्षितता तरी किती? ३१ मार्च २०२३ रोजी पोर्टर डेव्हिस ही मोठी बांधकाम कंपनी बुडाली, तेव्हा व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँडमधली सुमारे १,७०० घरे अर्धवट राहिली. ठराविक किमतीचे करार करून ठेवले होते आणि सामानाचे भाव मात्र भडकले, हे त्यामागचे मोठे कारण. आपली जी मुलेबाळे मेलबर्नच्या नव्या उपनगरांत जमीन आणि घर एकत्र घेतात, त्यांनी ही बातमी धसक्यानेच वाचली असेल. शिवाय मे २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात तिथल्या रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा दर वाढवून ०.१० टक्क्यावरून ४.३५ टक्क्यांवर नेला. बँकांनी ही सारी वाढ ग्राहकांवर टाकली असे धरले, तर चार लाख डॉलरच्या कर्जावर वर्षाला १७,००० डॉलर व्याज जादा. ज्याने कर्ज कमी काढले आणि श्रम अधिक घातले, तो या वादळात त्या मानाने सुखी. बँक ज्याला जोखमीचा समजत होती, त्याच्याच डोक्यावर ओझे कमी होते.

ऑस्ट्रेलियाला हे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरांची आणि सामानाचीही अशीच टंचाई होती, तेव्हा हजारो सामान्य कुटुंबांनी आपली घरे आपण बांधली. १९४७ साली व्हिक्टोरियातल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने मेलबर्नच्या ‘द एज’ या दैनिकाच्या साह्याने छोट्या घरांसाठी एक सेवा काढली. रॉबिन बॉइड हा तरुण वास्तुविशारद तिचा प्रमुख होता आणि चांगल्या घराचे नकाशे पाच पौंडांत मिळत. त्याच सुमारास ॲलिस्टर नॉक्स याने मेलबर्नजवळच्या एल्थॅम परिसरात मातीच्या कच्च्या विटांची घरे बांधायला सुरुवात केली. पक्की वीट मिळेना, तर पायाखालची माती होतीच. हा नॉक्स मूळचा बँकेतला कारकून, हे वाचून मला विशेष आनंद झाला.

म्हणजे टंचाईच्या काळात लोकांचे हात कामी आले होते आणि त्या हातांना कोणीतरी नकाशा, सल्ला आणि धीर दिला होता. आज नेमके तेच हरवले आहे. घरांचा प्रश्न आकड्यांत मोजला, की मोठे आकडे देणारे कंत्राटदार तेवढे दिसतात. एकेक घर बांधणारा माणूस आकड्यात मावत नाही.

आपल्याकडे २०१६ साली ग्रामीण आवास योजना नव्या रूपात आली, तेव्हा घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, कंत्राटदार नको, असा दंडक ठेवला गेला. पैसे टप्प्याटप्प्याने आणि शिवाय त्याच्या स्वतःच्या श्रमाच्या सुमारे नव्वद दिवसांची मजुरी रोजगार हमीतून. योजनेच्या अंमलबजावणीविषयी तक्रारी पुष्कळ करता येतील. पण आपले घर बांधताना गाळलेल्या घामालाही किंमत असते, हे तत्त्व एका गरीब देशाने कागदावर मान्य केले, हे विसरू नये.

ऑस्ट्रेलियाने वणव्याचे, विजेचे, वाळवीचे नियम जरूर कडक ठेवावेत. पण तपासनीसाने पाहून मंजूर केलेल्या श्रमाला कर्जाच्या हिशेबात जागा द्यावी, अशा घरांना परवडणारा विमा मिळावा आणि १९४७ सारखी एखादी सल्ला-सेवा गावोगाव असावी. यात अवघड असे काही नाही. हवा आहे तो थोडा विश्वास. सहा दिवस शहरात राबून सातव्या दिवशी ओळंबा लावून भिंत सरळ आहे ना हे पाहणाऱ्या माणसावर एवढा विश्वास टाकायला सरकारची आणि बँकेची हरकत नसावी. त्या भिंतीआड त्याचीच मुले झोपणार आहेत.